छबूच्या नावावरचं वेड

छबू शाळेत एक अक्षर बोलत नाही, हे निघोजे गावाला कळायला दीड वर्ष लागलं. ती का बोलत नाही, हे कळायला मात्र एक दुपार पुरली.

सत्तावन्न सालच्या मार्गशीर्षात शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले. बाळाजी गुरुजींनी आदल्या दिवशी पोरांकडून वर्ग सारवून घेतला होता, फळा काळा करून घेतला होता आणि हुशार पोरं पुढच्या रांगेत बसवली होती. पण या साहेबांना पुढची रांग बघून बघून कंटाळा आला असावा. ते सरळ मागे गेले आणि कोपऱ्यातल्या सात वर्षांच्या पोरीपुढे उभे राहिले.

"बाळ, तुझं नाव काय?"

छबूनं खाली बघितलं. साहेबांनी पुन्हा विचारलं. छबूनं परकराचा काठ मुठीत धरला आणि ती लाकडासारखी ताठ झाली.

"हिला ऐकू येतं का हो, गुरुजी?"

"येतं, साहेब."

"मग?"

गुरुजींनी साहेबांसाठी चहा मागवला. दीड वर्ष ते हजेरी घेताना छबूच्या नावाशी आले की स्वतःच 'हजर' म्हणत आणि पुढच्या नावाकडे वळत. साहेब चहा घेऊन गेल्यावर त्यांनी हजेरीपट उघडला आणि तिच्या नावासमोर 'मंदबुद्धी' असं लिहिलं. गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं होतं. त्या अक्षरात लिहिलेलं काहीही खरंच वाटे.

दुपारी देवळापुढच्या कट्ट्यावर गाव जमलं आणि निदान सुरू झालं. सोनबा भगत म्हणाला, ओढ्याच्या बाभळीवरची बाई पोरीचा गळा धरून बसलीय, आमुशेला उतारा टाकावा लागंल. शेजारच्या गवराबाईनं सांगितलं, पोटुशी असताना रतननं ग्रहणात विळी हातात घेतली होती, मी ह्या डोळ्यांनी बघितली. कुणी जीभ जड आहे म्हणालं, कुणी वेखंड सुचवलं. मालोजी पुण्यात एका डॉक्टरच्या बंगल्यावर सहा महिने माळीकाम करून आला होता, त्यामुळे वैद्यकीच्या बाबतीत त्याचा शब्द जड होता. तो म्हणाला, "मेंदूची शीर दबलीया." निदानं पाच-सहा झाली आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेना. फक्त चूक आईची आहे, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

आई, म्हणजे रतनबाई, त्या वेळी इंद्रायणीवरून बारावी घागर घेऊन येत होती. कट्ट्यावरून हाक आली म्हणून थांबली आणि डोक्यावर घागर ठेवूनच तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आवं, पर घरात बोलती की ती!" ती म्हणाली. "दिस उगवल्यापास्नं टकळी चालू असती. शेळीशी बोलती, चुलीशी बोलती. मला पाठ झाल्यात तिच्या समद्या कविता, तीबी शाळेतल्याच."

कट्ट्यावरच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. आईच्या मायेला असंच वाटायचं, असा त्या बघण्याचा अर्थ होता. गवराबाईनं तर पदर डोळ्यांना लावला.

आता रतनबाई त्या दुपारी बारावी घागर का आणत होती, तेही सांगायला पाहिजे. घरात माणसं चार. ती, छबू, तिचा नवरा ज्योतीराम आणि ज्योतीरामाचे चुलते अर्जुनराव. त्यातला ज्योतीराम पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागलेला, तिथंच खोलीवर राही आणि रविवारी सायकल मारत घरी येई. म्हणजे एरवी माणसं तीनच. रतनबाईला आणि छबूला मिळून चार घागरी रग्गड होत. रोजच्या बावीसपैकी बाकीच्या अठरा अर्जुनरावांच्या हातांना लागत.

अर्जुनराव गावचे सरपंच. वय पंचावन्नच्या आसपास, बायको आणि मुलगा दहा-बारा वर्षांपूर्वी पटकीत गेलेले. पांढरंशुभ्र धोतर, घडी न मोडलेला सदरा आणि सारखे धुतलेले हात. शेतातून आले की धुवायचे, पंचायतीतून आले की धुवायचे, कुणी कागद हातात दिला की धुवायचे. एकदा धुण्याचा हिशेब तीन वेळा कोपरापर्यंत असा होता आणि मध्येच कुणी हाक मारली तर तो पहिल्यापासून धरायचा. घराबाहेर पडताना कडी लावायची, चार पावलं जायचं, परत येऊन कडी ओढून बघायची. पुन्हा चार पावलं, पुन्हा कडी. पंचायतीची बैठक दहाला असेल तर मेंबर अकराला येत, कारण त्याआधी सरपंचांची कडी लागत नसे.

हे सगळं गाव बघत होतं आणि गावानं त्याला नाव दिलं होतं शिस्त. "शिस्त शिकावी तर अर्जुनरावांकडून," असं बाळाजी गुरुजी पोरांना सांगत. आरोग्य सप्ताहात तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्यानं अर्जुनरावांचं हात धुणं बघून त्यांना शाल दिली होती. त्यांच्या बोटांच्या पेरांवर भेगा पडून रक्त यायचं, ते कुणाला दिसत नसे. लपवायला म्हणून ते हात पाठीमागे बांधून चालत आणि त्यामुळे तर ते जास्तच रुबाबदार दिसत.

छबूची बातमी कानावर गेली तेव्हा अर्जुनरावांनी सोनबा भगताला कट्ट्यावरूनच हुसकून लावलं. "हे विज्ञानाचं युग आहे," ते म्हणाले. गावात रोजचं वर्तमानपत्र त्यांच्याकडेच येई, आणि ते वाचून झालं की त्यांची भाषा तासभर तरी छापील राही. "पोरीला शास्त्रोक्त डॉक्टरला दाखवू. आपल्या घराण्यात डोक्याचं दुखणं कुणाला झालेलं न्हाई. हे माहेरकडनं आलं असावं."

रतनबाई घागर घेऊन नदीवर गेली.

डॉक्टरचा पत्ता ज्योतीरामानं काढला. पिंपरीला फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली होती. घरंदारं सोडून आलेली ती माणसं. कुणाला झोप लागत नसे, कुणी दिवसभर दाराकडे बघत बसे. त्यांच्यासाठी तिथल्या धर्मार्थ दवाखान्यात दर गुरुवारी मनाच्या आजाराच्या एक डॉक्टरीणबाई पुण्याहून येत. ओगलेबाई त्यांचं नाव.

"बाई?" अर्जुनराव म्हणाले.

"बाईच हायत, काका. पर विलायतेला जाऊन आल्यात."

विलायत ऐकल्यावर अर्जुनरावांनी बाई असण्याकडे काणाडोळा केला.

पौषातल्या एका गुरुवारी तिघं निघाली. कुरुळी फाट्यावरून आठची एस. टी. धरायची होती. ती गेली, कारण अर्जुनराव अर्ध्या वाटेवरून कडी बघायला दोनदा परतले. दहाची मिळाली. भोसरीला उतरून टांगा केला आणि दुपार व्हायच्या सुमाराला ती पिंपरीला पोहोचली. सगळ्या वाटेनं छबू आईच्या पदराला धरून गप्प आणि अर्जुनराव टांगेवाल्याला, त्याला नको असताना, पोरीचा आजार समजावून सांगत होते.

ओगलेबाई चाळिशीच्या असतील. जाड चष्मा, साधं सुती लुगडं, समोर रिकामं टेबल. अर्जुनराव खुर्चीत बसले आणि त्यांनी भाषण सुरू केलं. मेंदूच्या शिरेपासून ते रतनबाईच्या माहेरच्या एका आत्यापर्यंत सगळं त्यात आलं. ही आत्या चिंचेखाली एकटीच हसत बसायची म्हणे. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं.

"झालं?" त्यांनी विचारलं. "मग आता तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी? अहो, मी सरपंच आहे."

"बाहेर बाकडं आहे," बाई म्हणाल्या.

ते गेल्यावर बाईंनी छबूकडे बघितलंसुद्धा नाही. कपाटातून लाकडी भांडीकुंडी आणि रंगीत मण्यांचा डबा काढून चटईवर ठेवला आणि रतनबाईला म्हणाल्या, "तुम्ही दोघी घरच्यासारख्या बसा. मला दोन पत्रं लिहायची आहेत." आणि खिडकीकडे तोंड करून खरंच लिहायला बसल्या.

बराच वेळ काही झालं नाही. रतनबाईला वाटलं, एवढ्या लांबून आलो ते बाईची पाठ बघायला. मग तिच्या कानाशी बारीक आवाज आला.

"आये, ह्या बाईच्या चपलेला टाच हाय."

बाईंनी मान वळवली नाही.

"आये, ही चूल लई ल्हान हाय. हिच्यावर भाकर कशी व्हायची? मुंगीची व्हईल." आणि मग थोड्या मोठ्यानं, "आये, मुंगी भाकर खाती का गं?"

अर्ध्या तासात छबूनं लाकडी चुलीवर मुंग्यांचं लग्नाचं जेवण केलं, त्यातल्या नवरीला नाव ठेवलं आणि गुरुजींची कविता चालीवर म्हटली. रतनबाईला रडू यायला लागलं. घराबाहेरच्या जगात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या शब्दाला साक्षीदार झालं होतं.

"मुलगी बहिरी नाही, मंद तर मुळीच नाही," बाई नंतर म्हणाल्या. "काही मुलांना परक्या माणसांपुढे इतकी भीती वाटते, की आवाज गळ्यातच अडतो. हट्ट नसतो तो. तिला बोलायचं असतं, बोलता येत नाही."

"माझं काय चुकलं का, बाई?"

"नाही."

एवढंच म्हणाल्या. रतनबाई पुढचं ऐकायला थांबली होती. दीड महिना तिला लोकांकडून या प्रश्नाची लांबलचक उत्तरं मिळत होती, त्यामुळे एका शब्दाचं उत्तर असू शकतं हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तिला 'बोल बोल' म्हणायचं नाही," बाईंनी सांगितलं. "खाऊची लालूच नको, मारणं तर नकोच. आधी एकच मैत्रीण घरी खेळायला बोलवा. तिच्याशी बोलायला लागली की दोघींना रिकाम्या शाळेत न्या. घाई करू नका."

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. दवाखान्याच्या अंगणात वसाहतीचा नळ होता. दहा-पंधरा बायका बादल्या घेऊन खोळंबल्या होत्या आणि नळाखाली अर्जुनराव कोपरापर्यंत हात धूत होते. टांग्याच्या दांडीला हात लागला होता, बाकड्याला लागला होता, वर कुणीतरी खोकलं होतं.

"ओ बाबा!" एक सिंधी बाई ओरडली. "नहाना है तो नदी पे जाओ!"

हाक आली, म्हणजे हिशेब मोडला. अर्जुनरावांनी पहिल्यापासून धरलं. बायकांनी त्यांच्या पायावर बादली आदळली. ओगलेबाई खिडकीतून बघत होत्या.

"हे नेहमी असं करतात?" त्यांनी विचारलं.

"शिस्त हाय ती त्यांची," रतनबाई म्हणाली आणि अठरा घागरींचा शिणवटा तिच्या आवाजात न बोलावता आला.

बाईंनी अर्जुनरावांना आत बोलावलं. सरपंच ओल्या धोतरानं येऊन बसले, हात पाठीमागे.

"हात बघू," बाई म्हणाल्या.

"पेशंट ती आहे, बाई."

"तिचं झालं. हात बघू."

त्यांनी हात पुढे केले. पेरं फाटलेली, कातडी मेणासारखी पांढरी. रतनबाईनं आठ वर्षं त्या हातांवर पाणी ओतलं होतं. तिनंही ते असे कधी बघितले नव्हते.

"स्वच्छतेचं महत्त्व..." अर्जुनरावांनी सुरुवात केली.

"नाही धुतले तर काय होतं?"

अर्जुनराव थांबले. पंचायतीत, कट्ट्यावर, तालुक्याला, कुठंही न अडलेला माणूस तिथं अडला. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. छबू चटईवरून त्यांच्याकडे टक लावून बघत होती. ही अवस्था त्या खोलीत तिच्याइतकी कुणाच्याच ओळखीची नव्हती.

"कुणीतरी मरंल," शेवटी ते म्हणाले. छापील भाषा गळून पडली होती. "घरातलंच. मला ठावं हाय का हे खरं न्हाई. आन् तरीबी... पटकीच्या टायमाला मी चाकणच्या बाजारातनं आलो, हात न धुता पोराला भाकर भरवली. चौथ्या दिशी पोरगा गेला, मग त्याची आई. आता ही पोर हाय घरात. मी हात न्हाई धुतलं आन् हिला काय झालं, तर?"

"आणि कडी?"

"तेच. कडी लागली न्हाई तर काहीतरी आत शिरंल." त्यांनी मान खाली घातली. "लई थकलोय, बाई. दिसाचं सा-सात तास जात्यात ह्यात. कुणाला सांगू? लोकं शाल देत्यात."

बाई त्यांना हसल्या नाहीत, त्यांनी धीरही दिला नाही. हा एक आजार आहे, बऱ्याच लोकांना होतो, त्याला नाव आहे, असं त्या म्हणाल्या. पटकी बाजारभर होती, तुमच्या एका भाकरीनं आली नव्हती, हे तुम्हालाही कळतं, पण कळून हात थांबत नाहीत, कारण तो आजारच तसा आहे. मग त्यांनी उपाय सांगितला. तो ऐकायला फार सोपा होता. दर आठवड्याला एक घागर कमी. कितीही जीव घाबरा झाला तरी घटकाभर तसंच बसून राहायचं आणि घाबरं आपोआप ओसरतं का ते बघायचं. आणि दर गुरुवारी यायचं.

परत येताना फाट्यावर उतरल्यावर अर्जुनराव म्हणाले, "रतन, हे गावात कळता कामा नये."

"न्हाई सांगायची, मामंजी."

"गुरुवारी यायचं ते छबूसाठी, असं सांगू."

रतनबाईनं मान डोलावली. तिला त्या वेळी त्यांची दया येत होती, आणि दयेच्या भरात माणूस कशालाही हो म्हणतो.

छबूचं औषध लवकर लागू पडलं. गवराबाईची नात सरू खेळायला येऊ लागली. पहिले आठ दिवस छबू तिच्या कानात बोलली, मग मोठ्यानं, मग दोघी भांडल्या. रविवारी रिकाम्या शाळेत जाऊन दोघींनी फळ्यापुढे कविता म्हटल्या. फाल्गुनात एका सकाळी बाळाजी गुरुजी हजेरी घेता घेता सवयीनं 'हजर' म्हणाले आणि त्यांच्या 'हजर'वर आणखी एक बारीक 'हजर' ऐकू आला. गुरुजी दचकले. पण हजेरीपटातला शब्द तसाच राहिला. एवढ्या सुंदर अक्षरावर काट मारायचं त्यांच्या जिवावर आलं.

अर्जुनरावांचं औषध सावकाश चाललं होतं. अठराच्या सतरा झाल्या, सतराच्या सोळा, मग गुढीपाडव्याला एकदम परत वीस. ओगलेबाई म्हणाल्या, होतं असं, पुन्हा सुरू करा. त्यामुळे गुरुवार काही थांबेना. पोर आता शाळेत घडाघडा बोलत होती आणि तरी दर गुरुवारी तिला शाळा बुडवून वेड्याच्या डॉक्टरकडे नेत होते. गावानं यातून जो अर्थ काढायचा तो काढला.

"बोलती म्हंजे वेड आत शिरलंय," मालोजी म्हणाला. "वरनं दिसत न्हाई, तेच लई वंगाळ असतं."

गवराबाईनं सरूला खेळायला पाठवणं बंद केलं. "आमच्या पोरीला लागायचं," ती कुंपणापलीकडून म्हणाली. छबू तीन दिवस कुंपणाशी उभी राहिली. चौथ्या दिवशी घरातसुद्धा कमी बोलली. वैशाखात गुरुजींनी निरोप धाडला, की वेडसर मुलीला तिसरीत घेता येईल की नाही याचा विचार शाळा समितीत होईल. समितीचे अध्यक्ष अर्जुनरावच होते.

त्या संध्याकाळी रतनबाईनं त्यांच्यापुढे घागर ठेवली आणि ती तिथंच उभी राहिली. कधी उभी राहत नसे.

"मामंजी, एक इचारू?"

"काय?"

"तुमचं वेड माझ्या पोरीच्या नावावर किती दिस चालायचं?"

अर्जुनरावांचा चेहरा उतरला. "रतन, मी सरपंच हाय. लोकं काय म्हणतील?"

"तिला म्हणत्यात ते चालतंय व्हय? ती सात वरसांची हाय. तुमी पंचावन्नाचं. तुमच्या पाठीवर शाल हाय, तिच्या पाठीवर काय हाय?" तिनं घागर आणखी पुढं सरकवली. "तुमच्या भ्यानं तुमी तिच्यासाठी हात धुता ना? तिला काय हू नये म्हनून? मग हे झालं की तिला! हात धुऊन ऱ्हातंय का हे?"

ती आत गेली. अर्जुनराव घागरीकडे बघत बसले. रात्री जेवायला आले तेव्हा घागर तशीच भरलेली होती.

समितीची बैठक शाळेतच होती. बाळाजी गुरुजी, मालोजी, आणखी तिघे मेंबर, आणि सरपंचांच्या घरातला मामला असल्यामुळे दारा-खिडक्यांतून निम्मं गाव. रतनबाई छबूला घेऊन दाराशी उभी होती. गुरुजींनी हजेरीपट उघडून आपलं अक्षर सगळ्यांना दाखवलं. मग अर्जुनराव उठले. हात पाठीमागे होते, ते त्यांनी पुढे आणले आणि सगळ्यांसमोर धरले.

"पेशंट मी हाय," ते म्हणाले.

खिडकीतली माणसं आणखी पुढं सरकली.

"पोरीला काही झालेलं न्हाई. ती भीत होती, आता भीत न्हाई. दर गुरुवारी औषध चालतं ते माझं. मला धुण्याचं वेड हाय. कडीचं वेड हाय. दिसाचं सात तास मी ह्यात घालवतो. मी तुमच्याशी खोटं बोललो आन् पोरीच्या नावावर लपलो."

रतनबाईनं डोळे मिटले. आता हसू फुटेल, असं तिला वाटलं. हसू फुटलं नाही. आधी मालोजीनं फेटा काढून हातात घेतला. मग खिडकीतून कुणाचा तरी हुंदका आला. तो गवराबाईचा होता.

"काय मन म्हणायचं हे!" गुरुजी उठून म्हणाले. "नातीला बोल लागू नये म्हणून स्वतःवर घेतलं! सभ्य गृहस्थहो, यालाच म्हणतात त्याग!"

"अहो गुरुजी, खरं सांगतोय मी..."

"बघा, अजून सांगतायत!"

"आवं, मी येडा हाय!" अर्जुनराव ओरडले. वीस वर्षांच्या कारकिर्दीत ते पहिल्यांदाच संपूर्ण खरं बोलत होते आणि पहिल्यांदाच त्यांच्यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. मालोजीनं त्यांचे पाय धरले. सरपंचांच्या घराण्याला एवढा अपमान सोसायला लावल्याबद्दल समितीनं दिलगिरी व्यक्त केली आणि छबूला एकमतानं तिसरीत घेतलं. गुरुजींनी हजेरीपटातल्या शब्दावर काट मारली, तीसुद्धा पट्टी लावून, सरळ. सरू धावत येऊन छबूच्या शेजारी उभी राहिली.

घरी आल्यावर अर्जुनराव ओसरीवर बसले आणि म्हणाले, "रतन, हे काय झालं गं?"

रतनबाईला हसू आवरेना. ती हसली, मग अर्जुनरावही हसले, आणि आठ वर्षांत त्या घरात सून-सासरे एका गोष्टीवर एकत्र हसल्याची ही पहिलीच वेळ होती.

तरी सगळ्यांनाच ती गोष्ट खोटी वाटली असं नव्हतं. आठवड्यानं सोनबा भगत नदीवर रतनबाईला गाठून इकडं तिकडं बघत म्हणाला, "त्या बाई कोणत्या वारी बसत्यात? माझ्यासाठी न्हवं. माझा एक वळखीचा हाय. दुसऱ्यांची भुतं काढतो, पर त्याला सोताला रातभर डोळा लागत न्हाई." मग गुरुजींच्या बायकोनं विचारलं, तिच्या एका मावसबहिणीसाठी, तिला म्हणे विहिरीकडे बघवत नव्हतं. मग मालोजीनं, मेव्हण्यासाठी. पुढच्या गुरुवारी कुरुळी फाट्यावर निघोज्याची पाच माणसं उभी होती. एक भोसरीला बैल बघायला निघाला होता, एक पाहुण्याला भेटायला, गुरुजींची बायको बांगड्या भरायला. दुपारी सगळे धर्मार्थ दवाखान्याच्या एकाच बाकड्यावर भेटले आणि एकमेकांना 'इकडं कुठं?' असं विचारायचं मात्र कटाक्षानं टाळलं.

छबू त्या दिवशी शाळेत होती. अर्जुनरावांच्या घागरी नऊवर आल्या होत्या. ओगलेबाईंनी एकेकाला आत बोलावलं, सगळ्यांचं होईपर्यंत चार वाजले. रतनबाई तेवढा वेळ बाकड्याच्या टोकाला पिशव्या सांभाळत बसली होती. शेवटचा माणूस बाहेर आला तशी ती उठली.

"तुम्ही या ना आत," बाई दारात येऊन म्हणाल्या.

"मी? मला काय झालंय? मी समद्यांच्या संगं आलीया."

"म्हणूनच विचारते. तुम्ही कशा आहात?"

रतनबाईला आधी प्रश्नच कळला नाही. निघोज्यात सगळ्यांचं निदान झालं होतं. तिचं करायचं कुणाला सुचलं नव्हतं, कारण तिला काही झालं असतं तर पाणी कोणी आणलं असतं, हा मोठा प्रश्न होता. "बरी हाय की," ती म्हणाली आणि हसली. मग तिनं खुर्चीचं टोक धरलं. "झोप न्हाई बगा धड, बाई. छातीवर कायतरी घागर ठेवल्यागत वाटतं. पोरगी गप होती तवापास्नं..."

बाईंनी दार लोटून घेतलं. बाहेर एस. टी.ची वेळ होत आली होती. मालोजीनं दोनदा खोकून बघितलं, सोनबानं हाक मारायला तोंड उघडलं. अर्जुनरावांनी त्याला हात करून गप्प केलं आणि बाकड्यावर, हात न धुता, बसून राहिले. आत रतनबाई बोलत होती आणि तिचं काही लवकर संपेल असं दिसत नव्हतं.